ससा पाळावा, पण कोणता?

सोयाबीनच्या सोंगणीत सशाचे पिल्लू सापडले की मुलांच्या हट्टापायी आपण ते घरी आणतो. मुलांना नाही म्हणणे जड जाते खरे. पण ते पिल्लू पोरके नसते. मादी दिवसभर दूर राहते व अंधार पडल्यावर दूध पाजावयास येते. घरी गाईच्या दुधावर ते बहुधा दगावते. शिवाय १९७२ च्या वन्यजीव कायद्यानुसार रानससा पकडण्यास बंदी आहे. त्यास जवळच्याच धुऱ्यावरील गवतात ठेवावे.

पाळावयाचा तर पाळीव जातीचा, दीड-दोन महिन्यांचा, स्वच्छ डोळ्यांचा व कोरड्या नाकाचा ससा निवडावा. कान धरून उचलू नये. दात सतत वाढत असल्याने रोज भरपूर गवत द्यावे. चघळण्याने ते झिजतात.

खरी कसोटी आपल्या यवतमाळच्या उन्हाळ्याची. ३५ अंशांच्या वर सशास ऊन सोसत नाही आणि मे महिन्यात पारा ४४-४५ अंशांवर जातो. पिंजरा टिनाखाली ठेवू नये. निंबाच्या दाट सावलीत ठेवून भोवती ओले गोणपाट बांधावे, दुपारी दोन-तीनदा पाणी शिंपडावे. एवढे जमणार नसेल तर मुलांसाठी गावरान कोंबडीची चार पिल्ले आणावीत.