विक्रीसाठी शेतमालाचे फोटो : कमी खर्चात, साध्या मोबाईलवर

(मोताळा येथे शेतकरी व महिला बचत गटांसमोर केलेले भाषण)



आपण मोताळ्यात किंवा मलकापूरला माल नेतो तेव्हा व्यापारी पोत्यात हात घालतो, मूठभर तूर तळहातावर घेतो, एखादा दाणा चावून पाहतो. मुंबई-पुण्याच्या गिऱ्हाइकाला हे करता येत नाही. त्याच्यापुढे असतो तो फक्त फोटो. राष्ट्रीय कृषि बाजार, म्हणजे ई-नाम, १४ एप्रिल २०१६ रोजी सुरू झाला. एप्रिल २०२० मध्ये त्यात शेतकरी उत्पादक कंपन्यांना आपल्या संकलन केंद्रावरूनच मालाचा फोटो व प्रतीचा तपशील देऊन विक्री करण्याची सोय झाली. आपल्या बचत गटांच्या भगिनी तर मिरची पूड, पापड, तूरडाळीचे फोटो व्हॉट्सॲपवर पाठवितातच. यासाठी स्टुडिओ किंवा महागडा कॅमेरा लागतो, हा समज सोडून द्यावा.

महत्त्वाचा आहे तो उजेड, आणि तो फुकट आहे. भर उन्हात फोटो काढू नये. सावल्या काळ्या पडतात व डाळीवर पांढरे चट्टे दिसतात. पडवीत, उन्हाच्या रेषेपासून हातभर आत माल ठेवावा. घरात उत्तरेकडील खिडकी उत्तम. ऊन आत येत असल्यास खिडकीवर जुने पांढरे धोतर ताणून बांधावे. खिडकी मालाच्या एका बाजूस असावी व दुसऱ्या बाजूस पांढरा पुठ्ठा उभा करावा, म्हणजे सावलीतील बाजूही उजळते. दिवे बंद ठेवावेत. खिडकीच्या उजेडात बल्बचा पिवळा उजेड मिसळला की हळद नारिंगी आणि पापड मळके दिसतात. हिरव्या शेडनेटखाली काढलेल्या फोटोत तर पिकलेला टोमॅटोही कच्चा वाटतो.

मालाखाली स्टेशनरीच्या दुकानातील चित्रकलेचा मोठा पांढरा कागद घ्यावा. त्याची मागची बाजू भिंतीला टेकवून वर न्यावी, मात्र घडी पाडू नये. फुलाफुलांची चादर नको. लक्ष तिच्याकडेच जाते.

मोबाईलचे भिंग मऊ सुती कापडाने पुसावे. शेतात वावरणाऱ्या मोबाईलवर धूळ आणि बोटांचे डाग हमखास असतात. फ्लॅश बंद ठेवावा. फार जवळ जाऊ नये, सीताफळ मधेच फुगलेले दिसते. थोडे मागून फोटो काढून नंतर कडा कापाव्यात.

आता एक गोष्ट नीट समजून घ्या. समोरची वस्तू पांढरी की काळी, हे कॅमेऱ्याला कळत नाही. तो सारे काही मध्यम करडे धरून चालतो. म्हणून पांढऱ्या कागदावरील ज्वारी मळकट येते आणि नुसत्या काळ्या उडदाचा ढीग फिका येतो. पडद्यावर मालाच्या जागी बोट टेकले की बहुतेक मोबाईलवर सूर्याची खूण येते. ती ज्वारीसाठी वर व उडदासाठी खाली सरकवावी. लाल मिरचीसाठीही थोडी खाली, नाहीतर सगळा लाल गोळा होतो, सुरकुत्या आणि देठ दिसत नाहीत. प्लॅस्टिकची पिशवी चकाकत असेल तर ती किंचित तिरपी करून पाहावी.

फोटोसाठी निवडक टपोरे दाणे वेचण्याचा मोह मात्र होतो. तसे करू नये. फोटोवर भाव ठरतो, माल पोहोचल्यावर फोटोशी जुळत नाही, मग कपात होते किंवा गाडी परत येते, आणि भाडे बहुधा आपल्याच अंगावर पडते. वेगवेगळ्या पोत्यांतून, वरून-मधून-खालून मूठमूठ घ्यावी, एकत्र करावी व ताटात एकच थर पसरावा. फुटका दाणा, काडीकचरा असेल तो दिसू द्यावा. शेजारी मोजपट्टी ठेवावी. रंग उजळ करणारे फिल्टर वापरू नयेत. ओलावा फोटोत दिसत नाही, तो मोजून लिहावा. हमीभाव खरेदीसाठी सोयाबीनची नेहमीची मर्यादा १२ टक्के आहे.

एका मालाचे चार फोटो पुरतात : पसरलेला नमुना, तळहातावरील दाणे, पाकीट असल्यास लेबल वाचता येईल असा, आणि थप्पीचा. व्हॉट्सॲपवर ते 'डॉक्युमेंट' म्हणून पाठवावेत, म्हणजे बारीक तपशील जात नाही. गाडी भरताना आणखी एक फोटो घ्यावा, त्यात पोत्यांची शिलाई दिसावी. वजनाच्या पावतीचाही फोटो घ्यावा आणि पैसे हाती येईपर्यंत हे सर्व फोटो पुसू नयेत.