विद्यार्थीपणाला निवृत्ती नाही
(मंडळाच्या सुवर्णमहोत्सवी सोहळ्यात दिलेले भाषण)



घरापासून शेकडो कोस दूर आलेल्या माणसांनी एकत्र यावे, वर्गणी जमवावी, सतरंज्या अंथराव्यात, गणपतीची आरास करावी, नाटकाच्या तालमी घ्याव्यात आणि हा क्रम पन्नास वर्षे अखंड चालवावा, ही सामान्य गोष्ट नव्हे. ज्यांनी हे केले, त्यांतील काही आज आपल्यात नाहीत. त्या सर्वांना वंदन करून मी माझ्या विषयाकडे वळतो. हा विषय आहे आयुष्यभर शिकत राहण्याचा.

तैत्तिरीय उपनिषदाच्या शिक्षावल्लीत एक हृद्य प्रसंग आहे. अध्ययन पुरे करून शिष्य घरी निघाला आहे आणि गुरू त्याला निरोपाचा उपदेश करीत आहेत. खरे बोल, धर्माने वाग, आणि स्वाध्यायात हयगय करू नकोस, असे ते बजावतात. हा उपदेश केव्हा केला आहे, हे लक्षात घ्यावे. शिक्षण सुरू होताना तो केलेला नाही. ते संपले असे शिष्याला वाटू लागते, नेमक्या त्या क्षणी केला आहे. पदवी हाती पडली की पुस्तके माळ्यावर टाकण्याची आपली रीत आपल्या परंपरेने कधीच मान्य केलेली नव्हती.

आपल्यापैकी बहुतेकांना येथे आणले ते नोकरीने. रेल्वे, बँका, पोस्ट-तार खाते, कारखाने, लष्कर अशा अनेक वाटांनी आपण आलो. या सर्व क्षेत्रांत गेल्या पन्नास वर्षांत काय झाले, ते आपण डोळ्यांनी पाहिले आहे. मोर्स लिपीच्या कडकट्ट आवाजातून बातमी वाचणारा तारमास्तर हा एके काळी मोठा जाणकार मानला जाई. २०१३ च्या जुलैमध्ये ती तारसेवाच बंद झाली. रेल्वे आरक्षणाच्या जाडजूड नोंदवह्यांची जागा संगणकाने घेण्यास १९८५ मध्ये दिल्लीपासून आरंभ झाला. बँकांतील खतावण्या गेल्या, आरेखकाचा फळा आणि टी-पट्टी गेली. अशा प्रत्येक बदलाच्या वेळी एकाच कचेरीतील माणसांचे दोन गट पडतात. काही जण म्हणतात, आता या वयात हे कशाला? आणि काही जण धाकट्या सहकाऱ्याजवळ खुर्ची ओढून म्हणतात, जरा मला दाखवा पाहू. पुढे बढती कोणाला मिळते, हा प्रश्न मी बाजूस ठेवतो. कामातील गोडी आणि कामावरील हुकमत मात्र दुसऱ्या गटापाशीच राहते, यात संशय नाही.

परंतु केवळ नोकरीपुरते शिकणे हे अर्धेच शिकणे होय. परप्रांतात राहणाऱ्या माणसाला आणखी एक पाठशाळा आयती मिळालेली असते आणि ती म्हणजे त्याचा शेजार. न्यायमूर्ती महादेव गोविंद रानडे १८८६ च्या सुमारास सरकारी वित्त समितीच्या कामासाठी काही महिने कलकत्त्यास राहिले होते. मुक्काम थोड्या दिवसांचा आणि कामाचा भार मोठा. बंगाली आली नसती तरी त्यांचे काहीही अडले नसते. तरीही त्यांनी बंगाली पुस्तके आणवली, स्वतः अभ्यास केला आणि पत्नीलाही शिकवले. हजामत चालू असताना हाती पुस्तक धरून ते न्हाव्याला शब्दांचे अर्थ आणि उच्चार विचारीत, ही हकीकत रमाबाईंनी आपल्या आठवणींत लिहून ठेवली आहे. एवढा विद्वान मनुष्य न्हाव्याचा शिष्य होतो, यात आपल्याला नवल वाटते. त्यांना वाटले नाही. दत्तात्रेयांनी चोवीस गुरू केले ही कथा आपण सारेच सांगतो, पण पंचविसावा गुरू करण्याची तयारी किती जणांची असते?

चार-सहा महिन्यांच्या पाहुण्याने जे केले, ते येथे तीस वर्षे राहून आपण केले आहे काय? बाजारहाटापुरती येथील भाषा आपल्याला येते. परंतु येथील वर्तमानपत्र आपण वाचतो का? या भूमीचे कवी, येथील इतिहास, येथील कीर्तनकार आपल्याला ठाऊक आहेत का? हा प्रश्न मी स्वतःला वगळून विचारीत नाही.

या वाटेने पूर्वी गेलेली मोठी माणसे आपल्याच कुळातील आहेत. सखाराम गणेश देऊस्कर यांचा जन्म १८६९ मध्ये देवघरजवळच्या करौं गावी झाला. घराणे मूळचे कोकणातील. घरात मराठी आणि उंबऱ्याबाहेर बंगाली. 'हितवादी' या बंगाली पत्रात ते मुद्रितशोधक म्हणून शिरले आणि अभ्यासाच्या बळावर त्याच पत्राचे संपादक झाले. १९०४ मध्ये प्रसिद्ध झालेला त्यांचा 'देशेर कथा' हा ग्रंथ परकीय राज्यात देशाचे आर्थिक शोषण कसे चालले आहे, हे आकडेवारीने मांडणारा होता. वंगभंगाच्या चळवळीत तो घरोघरी वाचला गेला आणि १९१० मध्ये सरकारने तो जप्त केला. मुद्रिते तपासता तपासता या गृहस्थाने वाचले किती आणि साठवले किती, याचा तो ग्रंथ साक्षी आहे.

त्यांचे भाचे बाबूराव विष्णू पराडकर काशीत जन्मले आणि तेथील 'आज' या हिंदी दैनिकाचे थोर संपादक झाले. नव्या राजकारणासाठी आणि अर्थकारणासाठी हिंदीत शब्द अपुरे पडत, तेव्हा त्यांनी ते घडवले. 'मुद्रास्फीति' यासारखे शब्द रूढ करण्याचे श्रेय त्यांना दिले जाते. तिसरे माधवराव सप्रे. १८७१ मध्ये दमोह जिल्ह्यात जन्मलेल्या या गृहस्थांनी १९०० मध्ये पेंड्र्याहून 'छत्तीसगढ़ मित्र' हे हिंदी मासिक सुरू केले.

येथे कोणी विचारील, दुसऱ्याची भाषा इतकी आत्मसात केली तर आपली मराठी राहील का? ही भीती खोटी नाही. आपल्या अनेक घरांत नातवंडे आजीची पत्रे वाचू शकत नाहीत, हे दुःख मला ठाऊक आहे. परंतु त्याचे उत्तर सप्र्यांच्याच आयुष्यात आहे. लोकमान्यांचे 'गीतारहस्य' आणि समर्थांचा 'दासबोध' त्यांनी हिंदीत नेले. मराठीवर पकड नसती तर ते काय घेऊन गेले असते? एका भाषेने दुसरीला घराबाहेर काढले नाही. दोघी एकाच घरात नांदल्या. मराठी जाते ती शेजारची भाषा शिकल्यामुळे नव्हे. घरात पुस्तक उघडले जात नाही, म्हणून ती जाते. मुलाने वडिलांच्या हाती कधी मराठी पुस्तक पाहिलेच नसेल, तर रविवारच्या वर्गात त्याला बाराखडी घोकवून काय होणार?

आता वयाविषयी. पंडित श्रीपाद दामोदर सातवळेकर हे मूळचे चित्रकार. मुंबईच्या कलाशाळेत शिकून त्यांनी हैदराबाद आणि लाहोर येथे चित्रशाळा चालवल्या. कुंचल्यावर संसार उत्तम चालला असता; परंतु वेदाध्ययनाचा ध्यास बळावत गेला आणि पन्नाशीच्या सुमारास ते औंधला येऊन त्याच कामात पूर्ण रमले. आपल्या संस्थेला त्यांनी नाव दिले 'स्वाध्याय मंडळ'. गुरूविना संस्कृत शिकू इच्छिणाऱ्या सामान्य माणसासाठी त्यांनी हिंदीत पाठ्यपुस्तके लिहिली. १९४८ मध्ये, ऐंशी वर्षे उलटल्यावर, ते गुजरातेत पारडीला गेले आणि तेथे नव्याने काम उभारले.

महर्षी धोंडो केशव कर्वे १९२९ मध्ये, सत्तरी ओलांडल्यावर, युरोप, अमेरिका, जपान येथील शिक्षणसंस्था पाहण्यास निघाले आणि १९३६ मध्ये, वयाच्या ७८ व्या वर्षी, खेड्यांतील प्राथमिक शिक्षणाचे नवे काम त्यांनी हाती घेतले. सेवानिवृत्त बंधूंना माझी विनंती आहे, की निवृत्ती ही नोकरीतून असते, विद्यार्थीपणातून नव्हे.

भगिनींना मी काय सांगावे? बदलीच्या प्रत्येक गावी नवी भाजी, नवे पाणी, नवे शेजारी यांचे शिक्षण त्यांनीच प्रथम घेतले. घरात येथील भाषा बहुधा त्यांच्याच तोंडी आधी आली. परंतु स्वतःसाठी शिकण्याची वेळ आली की त्या मागे सरतात. १८७३ मध्ये अकराव्या वर्षी रानड्यांच्या घरात आलेल्या रमाबाईंना अक्षरओळख नव्हती. घरातील वडीलधाऱ्या बायकांचा रोष सोसून त्या शिकल्या, आणि पुढे पुण्याच्या सेवासदनातून असंख्य स्त्रियांच्या शिक्षणाची वाट त्यांनी मोकळी केली. आज तसा रोष बहुतेक घरांत नाही. इंदिरा गांधी राष्ट्रीय मुक्त विद्यापीठ १९८५ पासून आणि नाशिकचे यशवंतराव चव्हाण महाराष्ट्र मुक्त विद्यापीठ १९८९ पासून घरबसल्या शिकू इच्छिणाऱ्यांसाठी उभे आहे. अर्धवट राहिलेली पदवी पुरी करण्यास आता आड येतो तो बहुधा एकच प्रश्न: लोक काय म्हणतील? लोक चार दिवस बोलतील आणि पाचव्या दिवशी आपल्या मुलीला तुमच्याकडे शिकवणीला पाठवतील.

शेवटी आपल्या मंडळाकडे तीन मागण्या करतो. आठवड्यातून एक संध्याकाळ अभ्यासासाठी राखावी. त्या संध्याकाळी एखाद्या तरुणाने वडीलधाऱ्यांना संगणकाचे नवे तंत्र दाखवावे आणि वडीलधाऱ्यांनी त्याला जुन्या मराठी ग्रंथांची ओळख करून द्यावी. दोघेही गुरू, दोघेही शिष्य. येथील भाषेच्या एखाद्या अध्यापकांना सन्मानाने बोलावून प्रौढांसाठी वर्ग सुरू करावा. आणि आपल्या ग्रंथालयाचे कपाट उत्सवापुरते न उघडता दर रविवारी उघडावे. यास मोठा निधी नको, इमारत नको. एक दिवा, एक सतरंजी आणि शिकण्याची लाज न वाटणारी पाच माणसे पुरेत.

थेंबे थेंबे तळे साचे, असे आपण म्हणतो. पहिल्या पिढीने एकेक रुपया जमवून हे मंडळ उभे केले. शताब्दीला जे येथे जमतील, त्यांनी आपल्याविषयी एवढेच म्हणावे, की ही माणसे येथे पोटासाठी आली, परंतु केवळ पोटापुरती राहिली नाहीत. या भूमीकडून ती शिकली आणि या भूमीला त्यांनी काही दिले.