शाल विणताना तासही मोजूया



आज आपण शालीबद्दल बोलणार आहोत. घरच्या चुलीवर लोकर रंगवायची आणि तिची जाळीची, पट्ट्यापट्ट्यांची शाल विणायची, हे काम आमच्या गटातल्या बाया करतात. ते कसं करायचं ते आज सांगतोच. पण त्याच्याबरोबर आणखी एक गोष्ट सांगायची आहे, ती म्हणजे या शालीची किंमत कशी काढायची. विणता येणाऱ्या बाया गावोगाव आहेत. विणण्याचा हिशेब मांडणाऱ्या मात्र कमी आहेत.

आधी लोकर बघू. आपल्या माणदेशात मेंढरं आहेत, मग लोकर बाहेरून कशाला आणायची, असं कुणीही विचारेल. दख्खनी मेंढीची लोकर जाड आणि भरड असते. घोंगडीला ती उत्तम. जाळीच्या शालीला मात्र मऊ, बारीक दोरा लागतो. तालुक्याच्या दुकानात ‘लोकर’ म्हणून जे रंगीत गुंडे मिळतात, त्यांतले पुष्कळसे ॲक्रिलिकचे असतात. ते कारखान्यात तयार होतात आणि त्यांच्यावर झाडापानांचा रंग बसत नाही. म्हणून घेताना शुद्ध लोकरीचा, न रंगवलेला पांढरा दोरा मागायचा. गटाने मिळून किलोच्या हिशेबाने मागवला तर स्वस्त पडतो.

दोरा खरा की खोटा, याची परीक्षा सोपी आहे. बोटभर तुकडा चिमट्यात धरून पेटवायचा. खरी लोकर जळताना केस जळल्यासारखा वास येतो आणि राख बोटांत चुरगळते. ॲक्रिलिक वितळतं आणि त्याची कडक गाठ होते. ही परीक्षा दाराबाहेर करायची, लेकरं लांब ठेवायची.

आता रंग. लोकरीच्या सैलसर लडी करायच्या आणि प्रत्येक लड तीनचार ठिकाणी सुती दोऱ्याने ढिली बांधायची, म्हणजे गुंता होत नाही. रिठ्याच्या कोमट पाण्यात त्या धुवून घ्यायच्या. लोकर पिळायची नाही, चोळायची नाही. गरम पाण्यातून एकदम गारात टाकायचीही नाही, नाहीतर ती आटते आणि तिचा गोळा होतो.

रंग धरायला तुरटी लागते. १०० ग्रॅम कोरड्या लोकरीला १० ते १२ ग्रॅम तुरटी पुरते. तुरटी गरम पाण्यात विरघळवायची, ओली लोकर तीत बुडवायची आणि मंद आचेवर पाऊण तास ठेवायची. पाणी वाफाळलं पाहिजे, खळाखळा उकळता कामा नये. मग त्याच पाण्यात ती गार होऊ द्यायची. भांडं स्टीलचं घ्यावं. लोखंड, तांबं, पितळ यांच्या भांड्यात रंगाची छटा बदलते. आणि रंगाचं भांडं फक्त रंगाचंच असावं. त्यात पुन्हा कधी स्वयंपाक करायचा नाही.

रंगासाठी लांब जावं लागत नाही. कांद्याच्या वाळलेल्या टरफलांपासून सोनेरी, नारिंगी रंग येतो. लोकरीच्या वजनाइतकी टरफलं घ्यायची. डाळिंबाच्या साली वाळवून ठेवल्या की पिवळा रंग मिळतो, आणि डाळिंबाला आपल्याकडे तोटा नाही. दसरा-दिवाळीचे झेंडूचे हार उकिरड्यावर टाकण्याऐवजी फुलं सोडवून वाळवायची, तीही पिवळा रंग देतात. काष्ठौषधींच्या दुकानातून मंजिष्ठा आणली तर विटकरी लाल मिळतो, काताने तपकिरी. गंजके खिळे गूळपाण्यात पंधरा दिवस भिजत ठेवून ते पाणी गाळून घ्यायचं. त्याचे दोन चमचे डाळिंबाच्या रंगात टाकले की पिवळ्याचा काळपट हिरवा होतो. मात्र हे पाणी बेतानेच वापरायचं, जास्त झालं तर लोकर कमजोर होते.

हळद आणि बीट यांचा मोह मात्र टाळायचा. हळद पहिल्या दिवशी झळकते आणि उन्हात विटते. बीटचा रंग धुण्यातच निघून जातो. विकायच्या शालीला हे रंग नकोत. कुठलाही रंग घेतला तरी आधी परीक्षा करायची. रंगवलेला दोरा अर्धा पुठ्ठ्याखाली झाकून पंधरा दिवस उन्हात ठेवायचा. उघडा भाग आणि झाकलेला भाग यांत फारसा फरक पडला नाही तर तो रंग घ्यायचा. ओल्या पांढऱ्या फडक्याने घासूनही बघायचं.

आपला भाग पाण्याचा वांधा असलेला. म्हणून एका पातेल्यातून तीन छटा काढायच्या. पहिली लड गडद निघते. त्याच पाण्यात दुसरी टाकली की मध्यम, तिसरी टाकली की फिकट. पाणी वाचतं, जळण वाचतं आणि एकमेकींना शोभणाऱ्या तीन छटा आपोआप हाती येतात. पट्ट्याच्या शालीला नेमकं हेच हवं असतं. उरलेलं पाणी विहिरीत किंवा ओढ्यात टाकू नका.

एक वही करा. प्रत्येक रंगाला एक पान. लोकर किती, साल किती, तुरटी किती, पाणी कुठल्या विहिरीचं, किती वेळ ठेवलं, तारीख कोणती, हे लिहा आणि शेजारी त्या दोऱ्याचा तुकडा चिकटवा. बोअरचं जड पाणी आणि पावसाचं पाणी यांत एकच रंग वेगळा उतरतो. उद्या गिऱ्हाईक म्हणालं, ‘अगदी अशीच आणखी एक द्या,’ तर ही वहीच कामाला येईल. आणि एका शालीची सगळी लोकर एकाच वेळी रंगवायची. शाल निम्मी झाल्यावर पुन्हा रंगवायला बसलो तर रंग हुबेहूब जुळत नाही.

आता विणकाम. जाळी म्हणजे भोक, आणि भोक पाडायची युक्ती साधी आहे. दोरा सुईवर पुढून घेतला की एक टाका वाढतो आणि तिथं भोक पडतं. दोन टाके एकत्र विणले की एक कमी होतो. जितके वाढवले तितके कमी केले की शाल सरळ राहते. आज एक नमुना सांगतो, वही-पेन्सिल घ्या. याला आम्ही लाटांची जाळी म्हणतो.

८ नंबरच्या सुयांवर ११४ टाके घाला. यातले १८-१८ टाक्यांचे ६ भाग होतात आणि दोन्ही कडांना ३-३ टाके राहतात. कडेचे टाके कायम सुलट विणायचे. पहिली ओळ सगळी सुलट. दुसरी ओळ उलट. तिसऱ्या ओळीत जाळी येते. प्रत्येक १८ टाक्यांच्या भागात आधी तीन वेळा दोन टाके एकत्र सुलट विणा. मग सहा वेळा असं करा: दोरा पुढे घ्या, एक टाका सुलट. शेवटी पुन्हा तीन वेळा दोन टाके एकत्र. मोजून बघा, पुन्हा १८च भरतात. चौथी ओळ सगळी सुलट. या चार ओळी पुन्हापुन्हा विणायच्या. कापड आपोआप लाटेसारखं वळतं. पट्टा बदलायचा तो चार ओळी पुऱ्या झाल्यावर, म्हणजे दोरा त्याच कडेला असतो आणि तोडावा लागत नाही, कडेकडेने वर नेता येतो. गडद, मध्यम, फिकट, पुन्हा मध्यम, असं घेतलं की पट्टेही लाटांसारखे वर-खाली जातात.

शाल सुयांवरून उतरली की आकसलेली आणि सुरकुतलेली दिसते. घाबरू नका. कोमट पाण्यात भिजवा, जाड टॉवेलात गुंडाळून पाणी काढा, सावलीत चादरीवर ताणून पिना टोचून वाळवा. जाळी उघडते ती तेव्हा.

तायांनो, आता हिशेबाकडे येऊ. अशा शालीला साधारण ४०० ग्रॅम लोकर लागते, म्हणजे ५० ग्रॅमचे ८ गुंडे. ‘घरात येता-जाता विणते, तास कसे मोजू?’ असं पुष्कळ जणी विचारतात. एक गुंडा संपायला किती वेळ लागतो तेवढं एकदा घड्याळ लावून मोजा. समजा ५ तास लागले, तर ८ गुंड्यांचे ४० तास. रंगवायला ६ तास, धुवून ताणायला २. झाले ४८ तास. तासाचा दर कुठून आणायचा? आपल्या गावात खुरपणीचा जो रोज असेल त्याला ८ ने भागा. समजा रोज ३२० रुपये आहे, तर तासाला ४० रुपये. ४८ तासांचे १,९२० रुपये. लोकर ६०० रुपयांची आणि तुरटी, रंग, जळण ८० रुपयांचं धरलं तर बेरीज २,६०० रुपये. गटाच्या खर्चासाठी वर दहा टक्के म्हणजे २६० रुपये. शालीची किंमत झाली २,८६०. आकडे तुमच्या गावाप्रमाणे बदलतील, पद्धत हीच ठेवा.

आता कुणी म्हणालं, ‘घरीच तर विणता, ७०० रुपयांत द्या,’ तर काय होतं बघा. ७०० मधून लोकर-रंगाचे ६८० गेले, हातात राहिले २० रुपये. ४८ तासांचे २० रुपये! दिवसभर खुरपणी करून कुणी आपल्याला २० रुपये दिले असते तर आपण ते घेतले असते का?

ही काही आजची गोष्ट नाही, आणि आपल्या एकट्यांची तर नाहीच. लाटांच्या जाळीचा नमुना मूळचा शेटलंडचा. स्कॉटलंडच्या उत्तरेला समुद्रात ही बेटं आहेत. तिथल्या बायका इतकी तलम शाल विणायच्या, की अख्खी शाल लग्नाच्या अंगठीतून ओढून काढता येई. अशा शाली बड्या घरांत जात. आणि विणणारीला काय मिळे? कित्येकींना रोख पैसे मिळतच नसत. दुकानदार शाल घ्यायचा आणि बदल्यात आपल्याच दुकानातलं कापड किंवा चहा द्यायचा. घरात पीठ नसलं, तर तोच चहा दुसऱ्या कुणाला देऊन पीठ आणावं लागे. १८७२ साली ब्रिटिश सरकारने नेमलेल्या आयुक्ताने तिथं जाऊन चौकशी केली, तेव्हा या विणणाऱ्या बायकांनी पुढे येऊन साक्षी दिल्या. म्हणून आज आपल्याला ही गोष्ट कळते. त्यांच्या हातात कला कमी नव्हती. पैसा त्यांच्या हातात येत नव्हता.

यातून आपल्याला तीन गोष्टी घेता येतील. मजुरी रोख किंवा थेट विणणारीच्या नावच्या खात्यात, साडीच्या किंवा भांड्यांच्या रूपात नाही. व्यापारी लोकर देऊन शाली विणून घेत असेल तर दिलेली लोकर आणि परत गेलेली शाल, दोन्हीचं वजन वहीत, दर आधी कागदावर. आणि दर गटाने मिळून ठरवायचा, कारण एकीने ७०० ला दिली की दुसरीला २,८६० मागायला तोंड राहत नाही.

मग इतकी महाग शाल घेणार कोण, हा प्रश्न बरोबर आहे. किंमत उतरवायला दोन वाटा आहेत, आणि दोन्हीत तासाचा दर तसाच राहतो. पहिली वाट, चौघींनी मिळून एकाच दिवशी लोकर रंगवायची, म्हणजे रंगवण्याचे तास आणि जळण वाटलं जातं. दुसरी, लहान वस्तू करायची. दोन गुंड्यांचा मफलर त्याच हिशेबाने निम्म्याहूनही खूप कमी किमतीत बसतो आणि तो पटकन विकला जातो. मोठी शाल मागणीप्रमाणे, निम्मे पैसे आधी घेऊन करावी.

गिऱ्हाईकही आपल्या डोळ्यांपुढेच असतं. आपल्याकडे शाळेत गुरुजी निवृत्त झाले, कुणाची पंच्याहत्तरी झाली, की शाल-श्रीफळ देतात. सत्काराच्या त्या यंत्रावरच्या शाली कपाटात घड्या घालून पडतात. आपल्या गावच्या डाळिंबाच्या सालीने रंगवलेली, आपल्या गावच्या बाईने विणलेली शाल कुणाच्या खांद्यावर पडली, तर ती वापरली जाईल. ग्रामपंचायतीला, शाळेला, सोसायटीला आधी विचारून ठेवा. मुंबईत भरणाऱ्या महालक्ष्मी सरससारख्या प्रदर्शनातही नमुने ठेवता येतात. शालीला एक चिठ्ठी बांधा: रंग कशाचा, विणलं कुणी, किती तास लागले. तास वाचल्यावर घासाघीस करणाऱ्याचा सूर जरा खाली येतो.

तर मैत्रिणींनो, गटाच्या पुढच्या बैठकीत हप्ते गोळा झाले की आणखी एक विषय घ्या. कुणाला काय विणता येतं आणि एका गुंड्याला किती तास लागतात, ते प्रत्येकीने सांगायचं आणि सचिवाने इतिवृत्तात लिहायचं. कांद्याची टरफलं आजपासूनच एका पिशवीत साठवायला लागा. पिशवी भरेपर्यंत तासाचा दरही ठरवून टाका.