वकीलसाहेबांची फेरी
(रौप्यमहोत्सवी सभेतील भाषणाचा मजकूर)



मला बँकेच्या आठवणी सांगा म्हणाले होते. पण मी बोलणार आहे आपल्या सोसायटीच्या वकिलांबद्दल. नाव घेतलेलं त्यांना आवडत नाही, म्हणून घेत नाही. आजोबा वडगाव कोर्टात उभे राहायचे, मग वडील, मग हे. चिक्कीवाल्याचा गाळा, दूधवाल्याचं कर्ज, कुणाचं मृत्युपत्र, कुणाची वाटणी, सगळं एकाच टेबलावर. आमच्या बँकेच्या पॅनेलवरही ते होते. तीस वर्षांचा सर्च मागितला की तीसच वर्षं बघायचे, एकोणतीस नाही.

मोफा कायदा 1963 चा. सोसायटी नोंदली की चार महिन्यांत बिल्डरने अभिहस्तांतरण, म्हणजे आपलं कन्व्हेयन्स, करून द्यायला हवं. आपला बिल्डर आठव्या वर्षी तयार झाला. मी खजिनदार. पेढे आणायचेच बाकी होते. वकीलसाहेबांनी सातबारा आणि जुने फेरफार काढले आणि विचारलं, "बहिणीची सही कुठे आहे?" कुलमुखत्यारपत्रावर दोघा भावांच्याच सह्या. बहिणीचं नाव 'इतर हक्कात' एका ओळीत पडून होतं.

साहेब म्हणाले, 1779 मध्ये इंग्रजांनी आपल्या वडगावातच तह केला आणि नंतर वरच्यांनी तो मोडला. कारण काय दिलं? सही करणाऱ्यांना अधिकारच नव्हता. "तुम्हालाही तसाच कागद हवाय का?"

मला राग आला. सर्वसाधारण सभेत मी उभा राहून म्हणालो, की बायका कधी हिस्सा मागत नाहीत आणि वकील फी वाढवायला काम लांबवतायत. हे इतिवृत्तात आहे, कुणीही बघावं. साहेब समोरच बसले होते. काही बोलले नाहीत.

पुढे ते मला घेऊन पवन मावळात त्या बाईंकडे गेले. भावांनी हक्कसोडपत्राचा मसुदा पाठवला होता. साहेबांनी तो ओटीवर बसून मोठ्याने वाचला, अवघड शब्द आला की थांबून. 1956 पासून मुलीला बापाच्या मिळकतीत वाटा आहे, हेही सांगितलं. बाई म्हणाल्या, "म्हणजे माझं काही होतं तिथं?" आणि मग बराच वेळ कुणी बोललं नाही. मी चहाची बशी हातात धरून बसलो होतो.

भावांनी त्यांना रक्कम दिली, ती चेकने आणि त्यांच्याच नावावर. खातं मीच उघडून दिलं. मग त्यांनी सही केली. आपलं कन्व्हेयन्स चौदा महिने लांबलं, त्याबद्दल कमिटीला खूप बोलणी बसली. बाईंच्या सहीसाठी कुणी पुन्हा आलं नाही, कोर्टातून कागद नाही. आता पुनर्विकासाचं बोलणं निघतंय, तेव्हा पहिली हीच फाईल लागेल.

बिल आलं तेव्हा मी तीनदा तपासलं. पवन मावळच्या फेरीचं भाडं त्यात नव्हतं. विचारलं तर म्हणाले, "तिकडे माझं दुसरं काम होतं." दिवसभर मी त्यांच्याबरोबर होतो, दुसरं काम काही नव्हतं.

कन्व्हेयन्सची मूळ प्रत आणि इंडेक्स टू ऑफिसच्या लोखंडी कपाटात, वरून दुसऱ्या खणात आहे. खाली ठेवू नका, कुरवंड्याच्या पावसात खालच्या खणाला ओल येते.