पोरीचा एक तास आणि बुद्धिबळाचा पट



जुलै २०२५ मध्ये जॉर्जियातल्या बाटुमी शहरात नागपूरच्या दिव्या देशमुखनं महिला विश्वचषक जिंकला, तोही कोनेरू हम्पीला हरवून. तेव्हापासून गटाच्या बैठकीत आया आम्हाला विचारतात, "ताई, आमची पोरगी रोज खेळते, मग पुढं का सरकत नाही?"

नुसतं खेळून खेळ सुधारत नाही, बायांनो. मोबाइलवर तीन-तीन मिनिटांचे डाव खेळले की हात चालतो, डोकं नाही. म्हणून आम्ही मुलींकडून आधी कोडी सोडवून घेतो. एका चालीत मात, ते जमलं की दोन चालींत. सोंगटीला हात लावायचा नाही, डोळ्यांनीच शोधायचं. हंगेरीतल्या बुडापेस्टच्या लास्लो पोल्गार यांनी आपल्या तिन्ही मुलींना घरीच शिकवलं. पुढं त्यांनी ५३३४ कोडी आणि डावांचं जाडजूड पुस्तक काढलं. धाकटी युडिट १९९१ साली, १५ व्या वर्षी ग्रँडमास्टर झाली. अर्थात त्या घरी दिवसभर बुद्धिबळच. आपल्याकडे एक तास मिळाला तरी पुष्कळ.

दुसरं, डावाचा शेवट शिकवा. पटावर दोन राजे आणि एक प्यादं उरलं की मुली प्यादं पळवतात, राजा मागं राहतो आणि हातातला डाव बरोबरीत जातो. राजानं पुढं चालायचं, प्याद्यानं मागून. काठाचं प्यादं सोडलं, तर आपला राजा प्याद्यापुढं सहाव्या ओळीत पोचला की डाव आपलाच.

आणि वही हवीच. प्रत्येक चाल लिहायची. हरलेला डाव दुसऱ्या दिवशी पुन्हा मांडायचा, कुठं बिघडलं ते आधी स्वतः शोधायचं, मगच मोबाइलला विचारायचं. हे काम कंटाळवाणं आहे, पण खरी सुधारणा इथंच होते.

आता अवघड गोष्ट. भाऊ पटावर बसला तर त्याला कोणी उठवत नाही. पोरगी बसली की "आधी भांडी घास." चौथ्या चालीवर हाक, सातव्यावर पुन्हा हाक. असं तुटक डोकं काय शिकणार? आम्ही गटात ठरवलंय, शनिवारी संध्याकाळी एक तास पोरींना हाक मारायची नाही. चूल आपण बघू. दोन सासूबाई कुरकुरल्या, पण तास चालू आहे.

पट नसला तर पुठ्ठ्यावर आठ बाय आठ घरं आखा. बसल्यावर उजव्या हाताच्या कोपऱ्यातलं घर पांढरं आलं पाहिजे, तेवढं बघा.