पोकळीतून वाहणारा प्रकाश



आजच्या व्याख्यानाचा विषय पत्रिकेवर 'फोटॉनिक क्रिस्टल तंतू व त्यांचे उपयोग' असा छापला आहे. नाव ऐकून कोणी दचकू नये. 'फोटॉनिक' म्हणजे प्रकाशाचा आणि 'क्रिस्टल' म्हणजे स्फटिक. केसाएवढ्या जाडीचा काचेचा धागा, त्याच्या पोटातून या टोकापासून त्या टोकापर्यंत गेलेल्या सूक्ष्म भोकांची नक्षी, आणि त्या नक्षीने वाटेवर धरून ठेवलेला लेसरचा प्रकाश, एवढाच हा विषय. प्रकाशाला वाटेवर ठेवायचे तर त्याला दाट पदार्थातच कोंडले पाहिजे, असे पुष्कळ काळ मानले गेले. ती सोयीची रीत होती. निसर्गाचा नियम नव्हता. रीत आणि नियम यांतला हा भेद ओळखल्याने काय काय हाती आले, ते आज आपणांपुढे मांडावे असा आमचा विचार आहे.

१९६० साली अमेरिकेत थिओडोर मेमन यांनी पहिला लेसर चालवून दाखविला. आज तो दुकानातल्या बिलाच्या यंत्रात आहे, नेत्रवैद्याच्या खोलीत आहे, आणि दुर्दैवाने मिरवणुकीतही आहे. विसर्जनाच्या मिरवणुकीत लेसरचा झोत डोळ्यांत जाऊन नेत्रपटलाला इजा झाल्याच्या तक्रारी अलीकडच्या वर्षांत आपल्या महाराष्ट्रातच झाल्या. ज्या प्रकाशाने नेत्रवैद्य नेत्रपटल सांधतो त्याच जातीच्या प्रकाशाने ते जळावे, यात प्रकाशाचा काय दोष? एक वाटेवर आहे, दुसरा मोकाट सुटला आहे. तेव्हा लेसर निर्माण करणे हे निम्मे काम. त्याला हवे तेथे आणि हवे तेवढेच नेणे, हे उरलेले निम्मे.

प्रकाश सरळ जातो, मग त्याला वळवावे कसे? जिनिव्हाचे कोलादों यांनी १८४१ च्या सुमारास, आणि लंडनच्या रॉयल इन्स्टिट्यूशनमध्ये जॉन टिंडॉल यांनी १८५४ साली, आपल्यासारख्याच श्रोत्यांपुढे याचे उत्तर दाखविले. पाण्याच्या टाकीला भोक पाडून धार सोडली आणि आतून प्रकाश टाकला. धार वाकली तसा प्रकाशही तिच्याबरोबर वाकत गेला. कारण असे की, दाट माध्यमातून विरळ माध्यमाकडे प्रकाश फार तिरका आला तर तो बाहेर पडतच नाही. सीमेवरून संपूर्ण परत फिरतो. यालाच पूर्ण आंतरिक परावर्तन म्हणतात. पाणी दाट, हवा विरळ, म्हणून प्रकाश पाण्यात अडकला.

पाण्याच्या जागी काच आली. पंजाबातील मोगा येथे जन्मलेले नरिंदरसिंग कपानी यांनी लंडनच्या इंपीरियल कॉलेजात हॅरोल्ड हॉपकिन्स यांच्यासह काचतंतूंच्या जुडग्यातून चित्र पलीकडे नेले, आणि १९५४ साली 'नेचर' या नियतकालिकात ते प्रसिद्ध केले. पण दूरच्या संदेशवहनाला ती काच निरुपयोगी होती. थोड्याच अंतरात प्रकाश मरून जाई. १९६६ साली चार्ल्स काओ आणि जॉर्ज हॉकम यांनी दाखविले की हा दोष काचेचा नसून तिच्यातील अशुद्ध द्रव्यांचा आहे; एका किलोमीटरनंतर शंभरातला एक भाग उरला तरी काम भागेल. १९७० साली अमेरिकेतील कॉर्निंग कंपनीने तसा तंतू काढला. आजच्या चांगल्या तंतूत पंधरा किलोमीटर गेल्यावरही निम्मा प्रकाश शिल्लक असतो. काओ यांना २००९ साली नोबेल पारितोषिक मिळाले, ते यथायोग्यच होय.

मग आणखी काय हवे होते? काच कितीही शुद्ध केली तरी ती काचच. तिच्यातून प्रकाश सेकंदाला सुमारे २ लाख किलोमीटर जातो. मोकळ्या हवेत तो जवळजवळ ३ लाख जातो. प्रकाश फार प्रखर झाला तर काच त्याचे रंग बिघडवते, आणि शेवटी स्वतःच फुटते. काही जातींचा प्रकाश तर ती गिळूनच टाकते. म्हणजे ज्या वाटेने प्रकाश न्यायचा, ती वाटच त्याच्याकडून जकात घेत होती. हवेतून न्यावा तर हवा विरळ पडते, आणि विरळ गाभ्यात प्रकाश कोंडता येत नाही, असे जुनी रीत सांगते.

येथे आम्ही आपणांस मोरपिसाकडे नेतो. मोरपिसातला निळा आणि हिरवा रंग कोणत्या द्रव्याचा? कोणत्याच निळ्या द्रव्याचा नाही. त्यातले द्रव्य काळपट तपकिरी आहे. पण त्या द्रव्याच्या अतिसूक्ष्म कांड्या पिसात जाळीसारख्या ठराविक अंतरावर रचलेल्या असतात. प्रत्येक थरावरून थोडा थोडा प्रकाश परततो. एखाद्या रंगाच्या लहरी सगळ्या थरांवरून एका तालात परतल्या तर त्यांची बेरीज होते आणि तो रंग झळकतो; बाकीच्यांचा ताल जमत नाही. काचेच्या एका पृष्ठभागावरून फक्त ४ टक्क्यांच्या आसपास प्रकाश परततो, पण योग्य अंतरावर पुष्कळ थर रचले तर जवळजवळ सगळाच परत फिरविता येतो. सभेत एकाने वाजविलेली टाळी मागच्या रांगेला ऐकू येत नाही. हजारांनी एका ठेक्यात वाजविली तर मांडव हलतो, तसे हे आहे.

हे गणित लॉर्ड रॅले यांनी १८८७ सालीच थरांपुरते मांडून ठेवले होते. पुढे बरोबर शंभर वर्षांनी, १९८७ साली, एली याब्लोनोविच आणि सजीव जॉन यांनी स्वतंत्रपणे असा विचार मांडला की, अशी रचना तिन्ही दिशांनी केली तर ठराविक रंगाच्या प्रकाशाला त्या पदार्थात पाऊल ठेवायलाच जागा राहणार नाही. हाच फोटॉनिक क्रिस्टल. इंग्लंडातील फिलिप रसेल यांनी १९९१ साली त्यावरून पुढचा प्रश्न केला. तंतूच्या कडेला भोकांची अशी जाळी केली, आणि मध्ये मोकळी पोकळी ठेवली, तर? प्रकाशाला जाळीत शिरण्याची मनाई असेल तर तो पोकळीतच राहील. मग गाभा दाट असण्याची अटच उरत नाही.

कल्पना सुचणे वेगळे आणि हाताने करणे वेगळे. काचेच्या ठोकळ्यात एकेक भोक पाडण्याचा प्रयत्न झाला, तो साधला नाही. मग निराळी युक्ती काढली. काचेच्या बारीक नळ्या मधमाशांच्या पोळ्यासारख्या षट्कोनी रचायच्या, ती मोळी एका मोठ्या नळीत बसवायची, भट्टीत सुमारे २००० अंश सेल्सिअसपर्यंत तापवायची आणि खाली ओढायची. पाकाला तार येते की नाही हे आमच्या घरातल्या माउली बोटांनी पाहतात; तशीच काचेची तार निघते. आश्चर्य असे की, मोळीतली नक्षी त्या तारेत जशीच्या तशी उतरते, फक्त हजारपटीने लहान होऊन. एक मिलिमीटरच्या नळीचे भोक मिलिमीटरच्या काही हजारांश भागाएवढे होते.

१९९५-९६ च्या सुमारास पहिला तंतू साधला. त्यात भोके पुरेशी मोठी नव्हती, म्हणून पोकळीत प्रकाश राहणे शक्य नव्हते. मध्ये एक भरीव कांडी ठेवून पाहिले, तर तिच्यातून प्रकाश सुरेख गेला. शोधत होते एक, सापडले दुसरे. आणि ते टाकाऊ नव्हते. साध्या तंतूत लाल प्रकाश एका ठाशीव लहरीने जात असला, तर निळा त्याच तंतूत अनेक लहरींत विस्कटतो. या तंतूत कोणताही रंग घाला, लहर एकच. चाळणीत गहू राहतो आणि बारीक रेव गळून पडते, तशी मुख्य लहर भोकांच्या जाळीत अडून राहते, आणि बाकीच्या बारीक लहरी भोकांमधल्या फटींतून निसटतात. पोकळीचे मूळ स्वप्न बाथ विद्यापीठात १९९९ साली खरे झाले. हवेच्या गाभ्यातून, काचेच्या जाळीने राखलेला प्रकाश चालत गेला.

आता उपयोगांकडे वळू. पहिला मापनाचा. १९९९-२००० मध्ये बेल प्रयोगशाळेत अशा भरीव गाभ्याच्या तंतूचा पाऊण मीटर तुकडा घेऊन त्यात लेसरचे अतिसूक्ष्म काळाचे ठोके सोडले. आत एकच रंग गेला; बाहेर जांभळ्यापासून अवरक्तापर्यंतचा पट्टा आला. गाभा इतका बारीक की प्रकाश दाटून प्रखर होतो, आणि भोकांच्या मांडणीमुळे ठोका पसरून विरत नाही. म्हणून हे घडते. वर काचेचा जो अवगुण सांगितला, तोच येथे गुण झाला.

या पट्ट्याने एक जुना प्रश्न सुटला. दृश्य प्रकाशाची आंदोलने सेकंदाला पाचशे लाख कोटींच्या घरात. ती मोजायची कशी? त्यासाठी पूर्वी खोल्या भरतील एवढी लेसरांची मालिका लागे. आपल्यापैकी गाणाऱ्यांना ठाऊक आहे की तार षड्जाची आंदोलने मध्य षड्जाच्या दुप्पट असतात. प्रकाशाचा पट्टा असा पूर्ण सप्तकभर पसरला, तर त्याच्या खालच्या टोकाची दुप्पट करून ती वरच्या टोकाशी ताडून पाहता येते. तंबोऱ्याच्या दोन तारा जवळजवळ जुळल्या की जी लाट ऐकू येते, तशीच लाट येथेही उमटते, आणि तीवरून साऱ्या पट्ट्याचे अचूक माप निघते. ही मोजपट्टी सिद्ध करणारे जर्मनीचे थिओडोर हेन्श आणि अमेरिकेचे जॉन हॉल यांना २००५ च्या भौतिकशास्त्राच्या नोबेल पारितोषिकात वाटा मिळाला. ज्या कामाला खोल्या लागत, ते एका मेजावर आले. आजची सर्वांत अचूक प्रकाशघड्याळे याच मोजपट्टीवर वाचली जातात.

दुसरा उपयोग वायूंच्या अभ्यासाचा. भिंगाने एका बिंदूवर आणलेला किरण लगेच फाकतो. पोकळ तंतूत तो मीटरमागून मीटर दाटच राहतो. पोकळीत वायू भरला की प्रकाश आणि वायू यांची भेट लांबते. १९२८ साली कलकत्त्यास चंद्रशेखर वेंकट रामन यांनी दाखविलेल्या परिणामाचाच उत्तेजित प्रकार हायड्रोजनमध्ये घडवावयास फार मोठ्या शक्तीचा लेसर लागे. २००२ साली बाथ येथे तो पोकळ तंतूत पूर्वीच्या सुमारे शंभराव्या हिश्श्याच्या ऊर्जेवर घडला.

तिसरा उपयोग शस्त्रवैद्याचा. कार्बन डायऑक्साइडचा लेसर ऊती फार नेमक्या कापतो, पण त्याचा प्रकाश साधी काच गिळते. म्हणून तो आरशांच्या सांधेदार दांडीतून आणावा लागे, आणि घशासारख्या वाकड्या जागी हात तोकडे पडत. थरांच्या परावर्तनावरच चालणारा एक भाऊबंद तंतू मॅसॅच्युसेट्स इन्स्टिट्यूट ऑफ टेक्नॉलॉजीत तयार झाला. २००२ साली तो प्रसिद्ध झाला, आणि पुढे शस्त्रक्रियेत आला. कारखान्यांतही हेच: २०२२ साली साउथॅम्प्टनच्या संशोधकांनी एक किलोवॅटच्या आसपासचा लेसर पोकळ तंतूतून एक किलोमीटर नेऊन दाखविला.

चौथा, संदेशवहनाचा. हजार किलोमीटरला काचेतून सुमारे ४.९ मिलिसेकंद लागतात, हवेतून ३.३. पूर्वी पोकळ तंतूत प्रकाश काचेपेक्षा लवकर विझे. रचना सुधारत गेली, जाळीच्या जागी पातळ भिंतींच्या थोड्याच नळ्या आल्या, आणि २०२५ साली प्रसिद्ध झालेल्या मोजमापात गळती काचेच्याही खाली गेली. तेहतीस किलोमीटरनंतर निम्मा प्रकाश उरावा, इतकी.

आता कोणी विचारील, मग उद्या आमच्या घराची तार बदलणार काय? इतक्यात नाही. काचेची तार स्वस्त आहे, जोडावयास सोपी आहे, आणि बहुतेक कामांना पुरून उरते. पोकळ तंतू महाग, त्याची टोके जोडणे नाजूक, आणि आत ओल शिरू नये म्हणून जपावे लागते. नवे आले म्हणून जुने टाकावे, असे आम्ही सांगत नाही.

सांगावयाचे ते इतकेच. काच तीच होती, हवा तीच होती, रॅले यांचे गणित शंभर वर्षे छापलेले होते, आणि मोर तर त्याच्याही आधीपासून नाचत होता. 'गाभा दाट हवा' हे वाक्य खोटे नव्हते. ती एक वाट होती. तीच एकमेव वाट आहे असे मानले गेले, येथे घोटाळा झाला. आपल्या शाळांतून मुलगा किंवा मुलगी 'असेच का?' असे विचारते, तेव्हा 'पुस्तकात आहे म्हणून' हे उत्तर आपण देऊ नये. असेच असावे लागते, की आजवर असेच करीत आलो, हे दोन प्रश्न निराळे आहेत, एवढे त्या मुलाला कळले तरी पुष्कळ झाले. प्रयोगशाळा महाग असते. हा प्रश्न विचारण्यास पैसा लागत नाही.