केसपेपरवर न उतरलेलं काम

(चाकण येथील वसंत व्याख्यानमालेत दिलेलं व्याख्यान)



महाळुंगे, निघोजे, खराबवाडीच्या कंपन्यांतून पहिली पाळी संपवून आलेले लोक इथे बसले आहेत, बाजार समितीत कांद्या-बटाट्याची पोती उचलणारेही आहेत. शरीर कसं दुखतं हे तुम्हाला मी काय सांगणार? त्याचे शब्द माझ्यापेक्षा तुमच्याकडे चांगले आहेत. उसण भरते, चमक निघते, कळ जाते, ठणका लागतो, मुंग्या येतात, बोट आखडतं, पोटरीत गोळा येतो. यातला एकही शब्द दुसऱ्याच्या जागी चालत नाही. ठणका म्हटलं की मी सूज शोधतो. मुंग्या म्हटलं की मज्जातंतू तपासतो. सकाळी उठल्यावर बोटं तासभर उघडत नाहीत असं कुणी म्हणालं, तर संधिवाताची रक्ततपासणी सांगतो. नीट ऐकून घेतलं तर निम्मं निदान तिथेच होतं.

पण केसपेपरवर यातलं काही उतरत नाही. तिथे 'लो बॅक पेन' एवढे तीन शब्द असतात. आणि घरी जाताना पेशंटच्या तोंडी दोनच गोष्टी असतात: 'गॅप आलाय' किंवा 'नस दबलीय'.

आधी गॅपचं पाहू. पाठीच्या कण्यात मणक्यांच्या मधे 23 गाद्या असतात. वयानुसार गादीतलं पाणी कमी होतं, ती चपटी होते आणि दोन मणक्यांमधली जागा घटते. म्हणजे ज्याला आपण गॅप येणं म्हणतो, त्यात प्रत्यक्षात अंतर कमी झालेलं असतं. ऐकणाऱ्याला मात्र वाटतं, आपला कणा सुटा झाला. तिशीतला धडधाकट माणूस वाकणं सोडतो, कमरेचा पट्टा काढत नाही, आणि न वापरल्यामुळे पाठ आणखी दुबळी होते. पाठ अजिबात दुखत नसलेल्या माणसांच्या स्कॅनचा एक मोठा आढावा 2015 साली प्रसिद्ध झाला. त्यात वीस वर्षं वयाच्या 37 टक्के लोकांत गादीची झीज दिसत होती, ऐंशी वर्षांच्यांत 96 टक्के. रिपोर्टात 'डिजनरेटिव्ह' दिसलं की घाबरू नका. पुष्कळदा ते केस पिकण्यासारखं असतं.

'नस दबली' याची मला जास्त काळजी वाटते, कारण या दोन शब्दांखाली सगळंच झाकलं जातं. हाडाला हाड बांधतो तो अस्थिबंध. स्नायूला हाडाशी जोडते ती कंडरा. संवेदना नेतो आणि हालचालीचा हुकूम पोचवतो तो मज्जातंतू. 'स्नायू' या शब्दाचा घोळ तर फार जुना आहे. सुश्रुतसंहितेत 900 स्नायू मोजले आहेत, पण तिथे स्नायू म्हणजे बांधून ठेवणारे तंतू. आपण ज्याला स्नायू म्हणतो त्याला तिथे पेशी म्हटलं आहे आणि त्या 500 सांगितल्या आहेत. हिंदीत स्नायू म्हणजे बहुधा मज्जातंतू. आपल्या कंपन्यांच्या लाइनवर लातूरचा आणि बिहारचा मुलगा शेजारी उभे असतात. एकाच शब्दातून ते दोन वेगळे अवयव समजतात.

फरक कळला पाहिजे, कारण उपचार बदलतो. ताणलेला स्नायू बहुधा काही आठवड्यांत भरून येतो. कंडरेला महिने लागतात. मज्जातंतू खरोखरच जोरात दबला असेल तर थांबून चालत नाही. कमरेच्या दुखण्याबरोबर बसायच्या जागी बधिरपणा आला, लघवी अडली किंवा कळेनाशी झाली, पाय लुळे पडू लागले, तर त्याच दिवशी मोठं रुग्णालय गाठायचं. मालिश करून घेण्यात किंवा सुट्टीची वाट पाहण्यात एक रात्रही घालवायची नाही.

आता कामाबद्दल. कोपराच्या बाहेरच्या बाजूच्या दुखण्याला टेनिस एल्बो म्हणतात. 1880च्या दशकात इंग्लंडात टेनिस खेळणाऱ्यांच्या तक्रारींवरून ते नाव पडलं. चाकणमध्ये ते दुखणं नट आवळायचं यंत्र, म्हणजे नटरनर, धरणाऱ्याला होतं, स्क्रू आवळणाऱ्याला होतं, पण नावात त्याचं काम कुठेच नाही. वायरिंग हार्नेसच्या लाइनवर कनेक्टर दाबणाऱ्या मुलींचा अंगठ्याखालचा भाग सुजतो. त्या दुखण्याला स्विस सर्जन द केर्व्हेन यांचं नाव आहे. त्यांनी 1895 साली त्याचं वर्णन केलं. आंतरराष्ट्रीय श्रम संघटनेने 2010 साली कामामुळे होणाऱ्या रोगांची यादी सुधारली. तिच्या हाडं-सांध्यांच्या भागात हेच मनगटाचं दुखणं पहिलं आहे, आणि कारणही लिहिलं आहे: त्याच त्या हालचाली, जोर आणि मनगटाची अवघड ठेवण. आपल्याकडे कारखान्यांनी सरकारला कळवायच्या रोगांच्या यादीत सिलिकोसिस आहे, आवाजाने येणारा बहिरेपणा आहे; कंबर, खांदा, मनगट नाही. जे दुखणं कळवायचंच नाही, ते कामामुळे झालं हे कुठे नोंदलं जात नाही, आणि लाइनवरच्या कामाच्या जागेची, म्हणजे स्टेशनची, उंची बदलायची गरज कुणाला दिसत नाही. हे मला अन्यायाचं वाटतं.

इटलीच्या रामाझिनी यांनी 1700 साली कामगारांच्या रोगांवर ग्रंथ लिहिला. त्यात ते डॉक्टरांना सांगतात की रोग्याला त्याचा धंदाही विचारा. तीनशेहून अधिक वर्षं झाली, आणि आपल्या ओपीडीत अजून वय, वजन, रक्तदाब विचारला जातो, काम क्वचितच.

म्हणून माझी विनंती आहे. केसपेपर काढाल तेव्हा 'कंपनीत आहे' एवढ्यावर थांबू नका. कोणतं स्टेशन, किती किलो, कोणता हात, पाळीत साधारण किती वेळा, वाकून की हात वर करून, हे सांगा. कळ म्हणायची असेल तर कळच म्हणा, 'पेन' म्हणू नका. आणि सभागृहात माझे जे डॉक्टर मित्र बसले आहेत त्यांना सांगतो: पेशंट बोलेल ते त्याच्याच शब्दांत, त्याच्या कामासकट, कागदावर लिहा. उद्याच्या ओपीडीपासून लिहा.